ड्रॅगन चालेल, पण नदी चुकायला नको

‘फॅन्टसी म्हणजे काय, मनाला येईल ते लिहायचं. तिथे कसलं आलंय विज्ञान?’ ठाण्यात पुस्तकवेडी मंडळी जमली की हे वाक्य कुणीतरी टाकतंच. माझं मत नेमकं उलट आहे. स्वतःचा भूगोल, भाषा, राजघराणी घेऊन येणारी हजार पानांची कादंबरी आपल्याला धरून ठेवते, कारण जादूचा भाग सोडला तर तिथलं बाकी सगळं नियमाने चालतं. त्या नियमांची पहिली परीक्षा पाण्यापाशी होते. म्हणून असं पुस्तक हातात आलं की मी आधी नकाशाचं पान उघडतो. समुद्र कुठे, डोंगर कुठे, वारा कुठून येतो?

सध्या वाचतोय त्या तीन खंडांच्या कादंबरीत पश्चिमेला समुद्र, मग हिरवी चिंचोळी किनारपट्टी, मग दक्षिणोत्तर डोंगररांग आणि पलीकडे रखरखीत पठार आहे. आपल्याला हे ओळखीचं वाटणारच. जुलैत कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज चढून बघा. खाली भाताची खाचरं तुडुंब, घाटात धबधबे थेट रस्त्यावर, आणि धुक्यात पुढच्या गाडीचे दिवेसुद्धा दिसत नाहीत. तिथून ओतूर, आळेफाट्याकडे सरकलात की वायपर बंद करावा लागतो आणि बाजरी-कांद्याचा मुलूख सुरू होतो.

‘डोंगर ढग अडवतो म्हणून पाऊस पडतो’ असं आपण शाळेत घोकलेलं असतं. हे अर्धवट आहे. अरबी समुद्रावरचा दमट वारा सह्याद्रीला भिडतो. मागून हवा येतच असते, त्यामुळे त्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं. वर दाब कमी, म्हणून चढणारी हवा प्रसरण पावते. प्रसरण पावायचं म्हणजे भोवतालच्या हवेला बाजूला ढकलायचं, आणि त्याला ऊर्जा लागते. बाहेरून उष्णता मिळायला वेळ नसतो, तेव्हा हवा ती स्वतःच्याच उष्णतेतून खर्च करते आणि दर किलोमीटरला सुमारे 10 अंश सेल्सिअसने गार होते. सायकलच्या पंपात हवा दाबली की पंप तापतो, त्याच्या अगदी उलट. गार होता होता बाष्पाचे रेणू हवेतल्या मिठाच्या, धुळीच्या सूक्ष्म कणांवर जमू लागतात आणि ढग तयार होतो. म्हणजे माळशेजचा तो ढग कुठूनतरी येऊन अडकलेला नसतो. डोंगराने तो तिथेच घडवलेला असतो.

मला सगळ्यात आवडतो तो यापुढचा भाग. एक ग्रॅम बाष्पाचं पाणी होताना सुमारे 2,450 ज्यूल उष्णता बाहेर पडते. ही उष्णता चढत्या हवेलाच मिळते, त्यामुळे ढग बनायला लागल्यावर ती सावकाश गार होते. आपल्याकडच्या उबदार, दमट हवेत किलोमीटरला साधारण 5 अंशांनी. आता हिशेब करू. किनाऱ्यावर हवा 30 अंशांची आहे. पहिल्या 500 मीटरमध्ये ढग नाही, म्हणून ती 25 वर येते. पुढचा एक किलोमीटर ढगातून, म्हणून 1,500 मीटरच्या माथ्यावर 20. तोवर बरंचसं पाणी पाऊस होऊन खाली पडलेलं असतं. पलीकडे 600 मीटर उंचीच्या पठारावर उतरताना हवा दाबली जाते आणि परत किलोमीटरला 10 अंशांनी तापते, कारण ती उष्णता शोषून बाष्प व्हायला आता थेंब उरलेले नाहीत. 900 मीटरच्या उताराला 9 अंश, म्हणजे पठारावर 29. चढताना याच 600 मीटरवर ती साडेचोवीस अंशांची होती! उंची तीच, हवा तीच, पण साडेचार अंशांनी गरम आणि कितीतरी कोरडी. प्रत्यक्षात सगळी हवा इतकी शिस्तीत उतरत नाही, पण पर्जन्यछायेचं गणित हेच. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि पुण्याला जेमतेम सातशे.

पाऊस लांबला की अजूनही कुठे देव पाण्यात ठेवतात, कुठे बेडकाला कडुलिंबात बांधून दारोदार फिरवतात. धोंडीचं गाणं मलाही गोड वाटतं, पण बेडकाचे हाल करून हवा एक इंचही वर चढत नाही.

चांगला लेखक हे गणित मांडत बसत नाही, त्याचे परिणाम दाखवतो. या कादंबरीत किनाऱ्यावरची घरं उतरत्या छपराची आहेत आणि पठारावरची सपाट धाब्याची, जशी कोकणात कौलारू आणि देशावर धाब्याची. तिथल्या नद्या पश्चिम समुद्राजवळ उगम पावून पूर्वेला जातात. आपली गोदावरी त्र्यंबकला उगम पावते, अरबी समुद्र तिथून शंभर किलोमीटरसुद्धा नाही, तरी ती 1,465 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते.

नकाशांत हमखास चुकते ती फुटणारी नदी. नद्या एकमेकींना मिळतात, वाटेत सहसा फुटत नाहीत. दोन फाटे झालेच तर जो जरासा खोल, त्यातून जास्त पाणी जातं, तोच आणखी खोल खणला जातो आणि दुसरा गाळाने बुजतो. समुद्राजवळच्या सपाटीवर मात्र हे चालतं. आपली उल्हास नदी ठाण्यापाशी वसई खाडी आणि ठाणे खाडी अशी दोन्हीकडे जाते, म्हणून तर साष्टी बेट आहे. मुख्य भूमीच्या आत अपवाद म्हणून व्हेनेझुएलातली कासिकियारे दाखवता येते: ओरिनोकोचं थोडं पाणी ती ॲमेझॉनच्या खोऱ्यात नेते. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्टने 1800 साली तिथून प्रवास करून हे जगासमोर मांडलं.

म्हणूनच या कादंबरीतलं डोंगरमाथ्यावरचं तळं पाहून मी थबकलो. त्यातून एक नदी पूर्वेला आणि एक पश्चिमेला जाते. फाट्यांचाच नियम इथेही लागतो, एक वाट कोरडी पडायलाच हवी. दुसऱ्या खंडात उत्तर मिळालं: पूर्वेच्या तोंडावर दगडी बंधारा आहे, किनाऱ्यावरच्या राजांनी बांधलेला, आणि सगळं युद्ध त्याच्यासाठीच चाललंय. हे वाचताना मुळशी आठवल्याशिवाय राहत नाही. पूर्वेला भीमेकडे जाणारं मुळेचं पाणी धरणाने अडवून कोकणात भिऱ्याला उतरवलं, मुंबईच्या विजेसाठी. आणि जमिनी बुडणाऱ्या मावळ्यांनी 1921 मध्ये सत्याग्रह केला, ज्याचं नेतृत्व पुढे सेनापती बापटांनी केलं. कादंबरीतल्या बंधाऱ्याची उंची आणि तळ्याचा काठ पाहिला, तर त्या पाण्याखाली निदान एखादं खोरं गेलेलं असणार. नकाशावर तिथे एकही गाव नाही. तिसऱ्या खंडात तिथल्या बुडालेल्या गावांतलं कुणी भेटतं का, हे मला बघायचंय.