‘सेवक’ शब्द गेला कुठे?

स्क्रम ही छोट्या टप्प्यांत काम करण्याची पद्धत, आणि टीमला ती पाळायला मदत करणारा तो स्क्रम मास्टर. तो टीमचा सेवक की नेता, हा सॉफ्टवेअर टीमांमध्ये चालणारा वाद समजून घ्यायचा तर नोव्हेंबर २०२० कडे जावं लागतं. स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेत २०१७ पर्यंत हा माणूस टीमचा ‘सेवक-नेता’ होता. २०२० च्या आवृत्तीतून तो जोडशब्द गेला आणि ‘सेवा करणारे खरे नेते’ अशी शब्दयोजना आली.

सेवक-नेत्याची कल्पना स्क्रमच्या आधीची. अमेरिकेतल्या एका बड्या दूरध्वनी कंपनीत ३८ वर्षं काढून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याने ती १९७० च्या निबंधात मांडली. ज्यांची सेवा केली ती माणसं अधिक शहाणी, अधिक स्वतंत्र झाली का, ही त्याची कसोटी.

बदलाचे समर्थक म्हणतात, ‘सेवक’ म्हटल्यामुळे स्क्रम मास्टर बैठका लावणारा आणि ‘जिरा’ या कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली तिकिटं हलवणारा हरकाम्या झाला होता. विरोधकांच्या मते नेता पुढे आणि सेवा मागे गेली की जुना साहेबच नव्या नावाने परत येतो. मला दुसरी बाजू पटते, पण पहिली बाजू सांगते ती अडचण पुण्यात बसून जास्त कळते. १९०५ मध्ये इथेच स्थापन झालेल्या एका संस्थेने देशाचे ‘सेवक’ हे बिरुद अभिमानाने लावलं. त्यात त्याग होता. त्याच शहरात कॉलेजच्या नोटिशीवर ‘शिक्षकेतर सेवक’ म्हणजे नुसते पगारी कर्मचारी. हिंजवडीतल्या नव्या मुलाला यातला कोणता अर्थ आधी आठवणार?

परदेशी क्लायंटबरोबर हा गुंता आणखी वाढतो. इकडचा ज्युनिअर ‘येस, होईल’ म्हणतो, त्याचा अर्थ बऱ्याचदा ‘ऐकलं’ एवढाच असतो. तिकडे ते वचन धरलं जातं. ‘होईल’ नंतर थांबून ‘कशामुळे अडू शकेल?’ असं विचारणारा नेता हवा, मग त्याला म्हणा काहीही.

वेळेचंही तसंच. न्यूयॉर्कची सकाळी नऊची बैठक पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला येते. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि इथे साडेसात वाजतात. हा एक तास वर्षानुवर्षं इकडच्यांनीच सोसायचा, असं गृहीत धरलं गेलं. काही टीमांनी आता बैठकीची वेळ आलटून पालटून ठेवायला सुरुवात केली आहे. दर दुसऱ्या आठवड्याला तिकडची माणसं सकाळी सातला लॅपटॉप उघडतात.