लाकूड ओळखावे ते टोकाकडून

जुन्या पलंगाचा पाय, मोडलेल्या पेटीची फळी किंवा कोणी देऊन टाकलेला ओंडका घरच्या कार्यशाळेत आला की हे लाकूड कशाचे, याचा अंदाज बहुतेक जण फळीच्या रुंद बाजूकडे पाहून बांधतात आणि तेथेच फसतात. रंग हा लाकडाचा सर्वांत ठळक, पण सर्वांत बेभरवशाचा गुण आहे. चेरीचे लाकूड उजेडात गडद होत जाते, अक्रोडाचे फिकट पडते, तर पर्पलहार्ट ताजे कापल्यावर करडे-तपकिरी दिसते आणि काही काळाने जांभळे होते. त्यावर रंग आणि पॉलिश चढलेले असले, तर पाहायलाच नको. रुंद बाजूवरची नक्षीही फळी ओंडक्यातून कोणत्या दिशेने काढली, यावर अवलंबून असते.

पेशींची मांडणी मात्र अशी सहजी बदलत नाही, आणि ती सर्वांत स्पष्ट दिसते आडव्या छेदावर, म्हणजे फळीच्या टोकाला. करवतीने कापलेले टोक त्यासाठी उपयोगाचे नसते, कारण करवतीचे दात तंतू फाडतात आणि भुसा छिद्रांत जाऊन बसतो. नव्या ब्लेडने किंवा उत्तम धारेच्या पटाशीने टोकावरची छोटीशी जागा एका ओढीत तासावी. लाकूड फार कठीण असेल तर आधी ओले करून घ्यावे. पाहायला दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते. माझ्या मते येथे भिंगापेक्षा धारेला अधिक महत्त्व आहे. बोथट पात्याने तासलेला छेद महागड्या सूक्ष्मदर्शकाखालीही काही सांगत नाही.

पहिला प्रश्न असा की, छेदावर छिद्रे आहेत का? पाइन, स्प्रूस, देवदार अशा सूचिपर्णी वृक्षांत पाणी वाहून नेणाऱ्या रुंद वाहिन्या नसतात, त्यामुळे त्यांचा छेद भिंगाखाली एकसारखा दिसतो. त्यात राळेच्या नलिका शोधाव्यात. पाइनमध्ये त्या मोठ्या आणि सहज दिसणाऱ्या, स्प्रूसमध्ये बारीक आणि विरळ असतात, तर देवदाराच्या निरोगी लाकडात सहसा नसतातच.

रुंदपर्णी वृक्षांचे लाकूड म्हणजे नळ्यांची मोळीच, आणि त्या नळ्यांची तोंडे म्हणजे छेदावरची छिद्रे. ओक, अ‍ॅश, एल्म आणि साग यांत वाढीच्या हंगामाच्या आरंभी बनलेली छिद्रे मोठी असतात व त्यांची वलयाकार रांग नुसत्या डोळ्यांनीही दिसते. मेपल, बर्च आणि बीचमध्ये छिद्रे लहान असून वलयभर सारखी विखुरलेली असतात. अक्रोड या दोहोंच्या मधला. ओकमधील मोठ्या छिद्रांना कारण आहे. हिवाळ्यात गोठण्यामुळे जुन्या रुंद वाहिन्यांत हवा शिरते आणि त्या निकामी होतात, म्हणून पालवी फुटण्याच्या सुमारास झाडाला नव्या वाहिन्या घाईने घडवाव्या लागतात.

यानंतर केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या किरणरेषा पाहाव्यात. ओकमध्ये त्या इतक्या रुंद असतात की भिंगाची गरज पडत नाही. पॉपलर आणि विलोमध्ये भिंगातूनही जेमतेम दिसतात. उष्ण प्रदेशातल्या अनेक झाडांची वलये अस्पष्ट असतात, आणि तेथे खरी मदत होते ती मृदूतकाची, म्हणजे अन्न साठवणाऱ्या पेशींच्या फिकट ऊतीची. ही ऊती कधी छिद्राभोवती कडे करते, कधी छिद्राच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखी पसरते, तर कधी सलग पट्टे आखते. महोगनीच्या छेदावर वाढीच्या टप्प्यांच्या सीमेवर अशाच बारीक फिकट रेषा दिसतात.

छेदाने निर्णय होत नसेल, तर इतर कसोट्या लावाव्यात. तांबड्या ओकच्या वाहिन्या मोकळ्या असल्यामुळे लहान तुकड्याच्या एका टोकाने फुंकलेली हवा दुसऱ्या टोकाने बाहेर येते. पांढऱ्या ओकच्या गाभ्यात शेजारच्या पेशी फुग्यासारख्या आत शिरून वाहिन्या बुजवतात, आणि म्हणूनच मद्याची पिंपे त्याची करतात. वजनही बोलके असते. लाकडाच्या पेशीभित्तीची घनता सर्व झाडांत जवळजवळ सारखीच, घनमीटरला सुमारे १५०० किलोग्रॅम असते. बाल्सा सुमारे १६० आणि लिग्नम व्हायटी १२०० च्या वर भरते, ते आतल्या पोकळीच्या प्रमाणामुळे. अतिनील दिव्याखाली ब्लॅक लोकस्टचे लाकूड पिवळसर हिरवे चमकते, त्याच्याशी गल्लत होणारे हनी लोकस्ट चमकत नाही. वासही उपयोगी पडतो, पण अनोळखी लाकडाची चव घेऊ नये आणि तासताना मास्क लावावा; काही लाकडांच्या धुळीची तीव्र अ‍ॅलर्जी होते.

या निरीक्षणाची ताकद १९३५ च्या लिंडबर्ग खटल्यात, म्हणजे अमेरिकन वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या बाळाच्या अपहरणाच्या खटल्यात दिसली. अमेरिकेच्या वन उत्पादन प्रयोगशाळेतील आर्थर कोएलर यांनी घटनास्थळी सापडलेल्या शिडीतली लाकडे ओळखली. इतकेच नव्हे, तर तिचा एक दांडा आरोपीच्या माळ्यावरील फळीतूनच कापला होता, हे वलये आणि खिळ्यांची भोके जुळवून दाखवले.

तरीही भिंगाची धाव बहुधा प्रजातीपर्यंत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटापर्यंतच असते. लाकूडशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८९ साली रुंदपर्णी लाकडांची १६३ सूक्ष्म लक्षणे निश्चित केली, पण ती सर्व तपासूनही एकाच प्रजातीतल्या जाती पुष्कळदा वेगळ्या करता येत नाहीत. शिसवाच्या डाल्बर्जिया प्रजातीत तर जात ठरवायला वस्तुमान वर्णपटमापक किंवा डीएनए चाचणी लागते. घरच्या कामाला सहसा एवढ्याची गरज नसते, कारण पांढऱ्या ओकच्या गटातले लाकूड आहे एवढे कळले तरी ते पाण्याला कसे टिकेल आणि कोणत्या कामाला चालेल, हे ठरवता येते. ओळख खात्रीची ठरली की त्या तुकड्याचे एक टोक नीट तासून, मागे नाव लिहून बाजूला ठेवावे. पुढच्या अनोळखी फळीशी ताडून पाहायला छायाचित्रापेक्षा असा नमुना कितीतरी अधिक उपयोगी पडतो.