रामशेज : गड राखला कोणी?

गोदेला पूर आला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत पाणी चढले, हे आधी विचारणारे आमचे नाशिक. त्यामुळे जवळच्या आशेवाडी गावाच्या डोक्यावरच्या रामशेज किल्ल्याचा विषय निघाला की ‘रामाचा गड, रामानेच राखला’ हे इथे ओघानेच येते. मराठीत देवही राखतो आणि गडकरीही राखतो. क्रियापद एकच, आणि निम्मा घोळ तिथूनच सुरू होतो.

वनवासात राम इथे निजला म्हणून ही रामाची शेज, एवढीच नावामागची कथा. 1682 मध्ये औरंगजेब बादशहाची फौज पायथ्याशी आली. गडावर सहाशे माणसे होती असे सांगतात. खाली दहा हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत, सांगणारा म्हणेल तितकी. वेढा चालला सुमारे साडेपाच वर्षे.

गंमत अशी की दैवी शक्तीवर विसंबल्याची ठळक लेखी गोष्ट गडावरची नाही, मोगलांच्या छावणीतली आहे. सरदार बदलून पाहिले, गडावर मारा करायला लाकडी दमदमा, म्हणजे उंच बुरूज, उभारला, तरी गड हलेना. तेव्हा किल्लेदाराला भुते वश आहेत, अशी बोलवा उठली. मग एका मांत्रिकाने शंभर तोळ्यांचा सोन्याचा नाग करवून घेतला आणि तो हातात धरून फौजेच्या पुढे चालू लागला. वाटेतच गोफणीचा धोंडा छातीवर बसला. नाग एकीकडे, मांत्रिक दुसरीकडे. हे मोगलांच्याच इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, खोडे पोखरून त्यावर चामडे मढवलेल्या लाकडी तोफा डागत, हेही त्याच्याचकडून कळते. गडावरच्यांनी रामाला हाक मारली नसेल असे कोण म्हणेल? पण हात दारूगोळ्यात आणि धोंड्यात होते.

खरा वाद आहे तो किल्लेदार बदलण्याचा. वर्षानुवर्षे झुंजलेल्या गडकऱ्याचा छत्रपती संभाजी महाराजांनी मान केला, बक्षीस दिले आणि त्याला दुसऱ्या गडावर पाठवले. त्याच्या जागी आलेल्याने पन्नास हजार रुपये घेऊन गड मोगलांच्या हवाली केला. ही बदली चूक होती का? एक बाजू म्हणते, हुशार माणूस एकाच गडावर अडकवून ठेवणे परवडणारे नव्हते. दुसरी म्हणते, वेढा चालू असताना हात बदलायचाच नसतो. मला दुसरे पटते. आधीही वेढा फोडून वर रसद पोहोचली होती, म्हणजे नव्याने आलेल्याला मदतीची आशाच नव्हती असे नाही. फितुरीला ‘दैव फिरले’ म्हणणे ही नंतरची मखलाशी. रामाने साडेपाच वर्षे राखला म्हणायचे तर त्या पन्नास हजारांच्या दिवशी राम कुठे होता, हेही सांगावे लागेल. ते कोणी सांगत नाही. पहिल्या गडकऱ्याचे नाव काय, यावरही एकमत नाही.

पुढे 1818 मध्ये, त्र्यंबकगड पडल्यावर, रामशेज इंग्रजांकडे गेला.

गेल्या काही वर्षांत गडावर वर्दळ वाढली. व्याख्याने, पोवाडे, समाजमाध्यमांवरच्या चित्रफिती यांत सहाशे विरुद्ध चाळीस हजार हाच आकडा पक्का झाला आहे. दहा हजारांचे नाव कोणी काढत नाही. चढणीवर कपारीतले राममंदिर लागते, तिथे येणारा-जाणारा हात जोडतो. संवर्धनाच्या मोहिमेवर आलेली पोरे मात्र घमेली घेऊन टाक्यांतला गाळ उपसायला वर जातात. वेढ्यातली साडेपाच वर्षे गड त्याच टाक्यांच्या पाण्यावर जगला.