वारा थेट पाठीमागून आला की शिडाची होडी सर्वांत वेगाने जाते?

असं सांगणारे मेसेज वर्षानुवर्षं फिरतात. पटण्यासारखं आहे, पण खरं नाही. वारा १२ नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) आणि त्याच दिशेने होडी ५ नॉटने चालली, तर शिडाला मिळतो फक्त ७ नॉटचा वारा. वेग वाढेल तसा तोही घटतो. वारा बाजूने असला की शीड विमानाच्या पंखासारखं काम करतं आणि होडी पळाली तरी वारा पडत नाही. म्हणून शर्यतीत हलक्या, चपळ होड्या वाऱ्याकडे पाठ असतानाही तिरक्या, नागमोडी जातात. अंतर वाढूनही पुढच्या बोयाशी (शर्यतीचा मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेशी) आधी पोहोचतात. जड होडीला हा वळसा दरवेळी परवडत नाही. पडताळायचं तर डोलकाठीच्या तारेला लोकरीचा धागा बांधा. वारा पाठीशी घेतला की धागा ढिला पडतो. मग होडी वाऱ्याला आडवी करून जीपीएसवर वेग बघा.