बिरकत हबानीम

बिरकत हबानीम म्हणजे ज्यू आईवडिलांनी शब्बाताच्या (शुक्रवारी सूर्यास्तापासून सुरू होणाऱ्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या) रात्री मुलांच्या डोक्यावर हात ठेवून पूर्वजांच्या नावे दिलेला आशीर्वाद. शुक्रवारी संध्याकाळी सिनेगॉगमधून (ज्यूंच्या प्रार्थनास्थळातून) परतल्यावर, जेवणाआधी द्राक्षारसावर म्हणायच्या किद्दुश या प्रार्थनेपूर्वी तो देतात. शब्बात सुरू झाल्यावर फोन वापरता येत नसल्याने दूर राहणाऱ्या मुलांना बरेच पालक सूर्यास्ताआधीच फोनवर आशीर्वाद देतात.

मुलग्यासाठी 'यसिमखा एलोहीम के-एफ्राईम वे-खि-मनश्शे', म्हणजे देव तुला एफ्राईम आणि मनश्शे यांच्यासारखा करो, असे म्हणतात. मुलीसाठी सारा, रिबका, राहेल आणि लेआ या चार आद्यमातांची नावे येतात आणि सुरुवात 'यसिमेख' अशी होते. घाईत इथेच चूक होते: मुलीलाही 'यसिमखा' हे पुल्लिंगी रूप म्हटले जाते. त्यानंतरचा याजकांचा (पुरोहितांचा) आशीर्वाद (बायबलमधील गणना 6:24–26) मात्र शास्त्रवचन असल्याने बहुतेक घरांत दोघांसाठीही जसाच्या तसा म्हणतात. त्याच्या तीन ओळींत मूळ हिब्रूत अनुक्रमे 3, 5 आणि 7 शब्द आहेत.

मुलग्यांसाठी अब्राहाम, इसहाक, याकोब या आद्यपित्यांची नावे का नाहीत? उत्तर बायबलच्या उत्पत्ती या ग्रंथाच्या 48व्या अध्यायात आहे. मरणासन्न याकोबापुढे योसेफाने आपले दोन मुलगे आणले. थोरला मनश्शे आजोबांच्या उजव्या हाताशी येईल असे त्याने उभे केले होते. याकोबाने हातांची अढी घालून उजवा हात धाकट्या एफ्राईमवर ठेवला. योसेफाने हरकत घेतली, याकोबाने ती मानली नाही आणि पुढे इस्राएल याच दोघांच्या नावे आशीर्वाद देईल असे सांगितले. काइन-हाबेलपासून योसेफाच्या भावांपर्यंत भावाभावांतल्या वैराने भरलेल्या या ग्रंथात धाकट्याला झुकते माप मिळूनही हे दोघे भांडल्याचा उल्लेख नाही. शिवाय दोघे मिसरात (इजिप्तमध्ये), परक्या दरबारात वाढले, तरी आपल्या कुळाचेच राहिले. देशोदेशी विखुरलेल्या समाजाला हे दुसरे कारण फार जवळचे वाटले, आणि ते रास्तच आहे.

याकोबाच्या हातांची अढी आज कोणी घालत नाही. मुलांना एकेक करून जवळ घेतात, बहुधा थोरल्यापासून. हात एक की दोन, यावर मतभेद आहे. दोन्ही हातांचा आशीर्वाद हा याजकांचा मान, म्हणून अठराव्या शतकातले धर्मपंडित विल्नाचे गाओन एकच हात ठेवत असे सांगितले जाते. त्याच शतकातले रब्बी (धर्मगुरू) याकोव एम्देन यांनी दोन्ही हातांचा पक्ष घेतला. सतराव्या शतकाच्या आरंभीच्या यिडिश (युरोपीय ज्यूंच्या बोलीभाषेतील) नीतिलेखनात, चालता न येणाऱ्या तान्ह्याला उचलून आईवडिलांपुढे न्यावे, असे सांगितले आहे. मूल मोठे झाले म्हणून आशीर्वाद थांबत नाही. लग्न झालेल्यांनाही तो देतात. योम किप्पूरच्या (प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या दिवसाच्या) पूर्वसंध्येला सिनेगॉगला निघण्याआधी याचे लांब रूप म्हणतात.

महाराष्ट्रातील बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या मलिदा विधीत पूर्वजांचा असाच दुसरा आशीर्वाद येतो: इसहाकाने याकोबाला दिलेला, आकाशाचे दव आणि भूमीची समृद्धी मागणारा (उत्पत्ती 27:28). एलियाहू हन्नबीच्या (संदेष्टा एलियाच्या) नावे तो म्हणताना समोरच्या तबकात गूळ-खोबरे घातलेले गोड पोहे आणि फळे असतात.