चारित्र्य पडताळणी: कर्ज, चॅप्टर केस आणि न लिहिलेली ओळ

कर्ज म्हणजे चारित्र्यदोष नव्हे, हे साताऱ्यात कायद्याने फार लवकर मान्य केले. 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यांत सातारा होता. वाळवा, तासगाव तेव्हा साताऱ्यातच. त्यानंतर पैशाच्या दाव्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात धाडणे बंद झाले.

सरकारी नोकरीने वेगळी वाट धरली. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या 1964 च्या वर्तणूक नियमांतला सतरावा नियम सततचा कर्जबाजारीपणा टाळायला सांगतो. वसुलीची कारवाई सुरू झाली तर ते लगेच कळवायचे, आणि कर्ज उधळपट्टीतून झाले नाही हे कर्मचाऱ्यानेच सिद्ध करायचे. बापाच्या सोसायटीच्या थकबाकीत वाढलेल्या पोराला हे ओझे जड आहे. बँकांच्या भरतीत आता सिबिलही, म्हणजे कर्जफेडीचा इतिहासही, पाहतात. हप्ते थकवल्याची नोंद असलेल्या उमेदवाराची नेमणूक एका सरकारी बँकेने रद्द केली, आणि पुढे सगळे कर्ज फेडले होते तरी 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बँकेचाच निर्णय उचलून धरला.

पण पोलीस, सैन्य, निमलष्करी दलांच्या भरतीत आपल्याकडची पोरे अडकतात ती बहुधा साक्षांकन नमुन्यात, म्हणजे उमेदवाराने स्वतःची माहिती भरून द्यायच्या अर्जात, आणि तिथला खरा गुंता ‘चॅप्टर केस’ या शब्दाचा आहे. यात्रेत मारामारी होते, दोन्ही गटांवर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 107 खाली कारवाई होते, तहसीलदारांपुढे शांतता राखण्याचा बाँड (बंधपत्र) लिहून पोरे घरी येतात; यालाच चॅप्टर केस म्हणतात. 1 जुलै 2024 पासून तेच नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 126 झाले. गावात सगळे म्हणतात, ही काय केस नव्हे. शिक्षा नाही, गुन्हाही शाबीत नाही, हे खरेच. नमुन्यात मात्र अटक, खटला, दंड यांच्याबरोबर ‘कधी बंधपत्र घेतले होते का’ असेही विचारलेले असते. तिथे ‘नाही’ लिहिले की साधी भांडणे खोट्या माहितीत जमा होतात.

न्यायालयेही यावर एकमताची नव्हती. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, निर्दोष सुटलेल्या उमेदवारालाही पूर्वेतिहासावरून नाकारता येते असे म्हटले. 2011 मध्ये त्याच न्यायालयाने तरुण वयातली चूक पोटात घालायला सांगितले. असे परस्परविरोधी निकाल साचल्यावर 2016 मध्ये तीन न्यायमूर्तींनी सूत्र घालून दिले. क्षुल्लक प्रकरण लपवले तर माफ करता येते, गंभीर लपवले तर नेमणूक जाते, आणि जे नेमके विचारलेच नव्हते ते लपवले असा ठपका ठेवता येत नाही. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. वकीलही तो पुरेसा मांडत नाहीत.

त्याच निकालात दुसरे टोकही आहे. सगळे खरे लिहिले तरी नेमणूक द्यावीच, अशी सक्ती नियोक्त्यावर नाही. भरतीची तयारी करून घेणाऱ्या ॲकॅडमीत पोरांना ‘लिहू नको, कोण बघतंय’ असा सल्ला मिळतो तो या भीतीतूनच. नंतर पडताळणीचा कागद स्थानिक ठाण्यात येतो, आणि बाँडची नोंद तिथल्याच रजिस्टरात असते.