अर्ध्या पेटीचा पूल
पूल पडला की आपल्याकडे पहिला संशय मालावर: सिमेंटात राख, लोखंड भंगारातलं. कधी ते खरंही निघतं. पण चोख पोलादाचा, पुरा झाल्यावर भक्कम ठरणारा पूलही बांधताबांधता कोसळू शकतो.

15 ऑक्टोबर 1970 रोजी मेलबर्नच्या वेस्ट गेट पुलाचा 112 मीटर लांबीचा, सुमारे 2000 टनांचा गाळा सकाळी 11:50 ला खाली आला. 35 माणसं गेली.

हा पूल म्हणजे पोलादी पत्र्यांची लांबलचक पोकळ पेटी. या गाळ्याची पेटी लांबीने दुभागून जमिनीवर बनवली. दोन्ही अर्धी खांबांवर चढवून तिथेच जोडायची होती. गोम इथेच आहे. दोन टोकांवर टेकलेला गाळा स्वतःच्या वजनाने मध्ये झुकतो. तळ ताणला जातो, माथा दाबला जातो. ताणलेला पत्रा सरळ राहतो. दाबलेला मात्र पोलादाची ताकद संपायच्या कितीतरी आधीच फुगून बाजूला पळतो. प्लास्टिकची फूटपट्टी टोकांकडून दाबून बघा. याला बकलिंग म्हणतात. ते किती दाबाला होईल हे जाडी भागिले रुंदी याच्या वर्गावर ठरतं, आणि त्याला एक गुणांक लागतो. लांबीच्या दोन्ही कडा आधारलेल्या असतील तर 4, एक कड मोकळी असेल तर 0.43. पत्रा तोच, पोलाद तेच, क्षमता जेमतेम नववा हिस्सा! उभ्या-आडव्या पट्ट्या जोडल्या की हिशेब किचकट होतो, पण कल हाच. अर्ध्या पेटीच्या माथ्याची आतली कड अशीच मोकळी होती.

वर चढवल्यावर दोन अर्ध्यांच्या उंचीत सुमारे 11 सेंटिमीटरचा फरक निघाला. उंच अर्धं खाली बसवायला त्यावर 80 टनांचे काँक्रीटचे ठोकळे रचले. माथ्यावरचा दाब वाढला, पत्रा फुगला. तो सपाट करायला आडव्या सांध्याचे बोल्ट काढायला घेतले, म्हणजे दाब पेलणारा सांधाच उसवायला घेतला. तो भार शेजारच्या पत्र्यांवर गेला, आणि तेही फुगले.

पुलाला नरबळी लागतो म्हणणारे आजही भेटतात. या पुलाला हवा होता तो मोकळ्या कडेला आधार.

त्याच वर्षी जूनमध्ये वेल्समधल्या मिलफर्ड हेवनचा पेटी-पूलही बांधकाम चालू असतानाच पडला होता, चार जण गेले. ब्रिटनने मेरिसन समिती नेमली आणि अशा पुलांच्या आरेखनाचे नियम कडक झाले. उभारणीच्या प्रत्येक टप्प्याचा हिशेब वेगळा करावा लागतो: कुठला सांधा आधी आवळायचा, तात्पुरता टेकू कधी काढायचा, क्रेनचा हूक कधी सोडायचा.